रुमालाखालचा लिलाव

दोंडाईचा, गुरुवार, ५ डिसेंबर १९२९

भाऊ गेल्यावर वहिनींनी विकायला काढलेली गाभण घोडी, चांदणी, आज लिलावात गेली. मी घ्यायलाच गेले होते. पण इथे घोड्याची बोली रुमालाखाली बोटं धरून लावतात. मी हात पुढे केला, दलाल नानांनी आपला मागे घेतला. "अक्का, बाईना हात कसा धरू? लोक हासतीन."

तीस वर्षं याच हाताने त्यांच्या मुलींना गिरवायला शिकवलं, तेव्हा नव्हते हसले. मग कॉन्व्हेंटच्या वर्गात शिकवते तशी तोंडानेच खणखणीत आकडा सांगितला. कुणी धरलाच नाही. घोडी एका टांगेवाल्याला मिळाली. मागे धावले. दुप्पट देते म्हटलं, व्यायला महिनाच राहिलाय म्हटलं.

"उद्या टांगाले जुपनी शे, अक्का. शिंगरू जगनं तं तुमले देसू."

मी बरं म्हणाले. बरं म्हणाले मी.