पहिल्या हाकेपर्यंत

३ फेब्रुवारी

हिच्या गळ्याचं ऑपरेशन एकवीस तारखेला ठरलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. बोलता येईल. गाण्याची हमी मात्र मी देणार नाही." ही शांतपणे पर्समध्ये चष्मा शोधत बसली. चष्मा डोळ्यांवरच होता. मीही सांगितलं नाही.

परत येताना बसमध्ये डोक्यात एकच — लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हिच्या ज्या गाण्यासाठी लोक लांबून येतात, ते मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

४ फेब्रुवारी

दिवसभर अंगात त्राण नाही. बाइंडिंगच्या कारखान्यात मला शिवणीचं काम, तेही कटिंग मशीनपासून सगळ्यांत लांबच्या खोलीत. तरी आज प्रत्येक घाव मणक्यात बसत होता.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कान ठणठणीत आहेत, मेंदूच आवाज जास्त मनावर घेतो. नातेवाईक म्हणतात, नखरे आहेत. नखरे करायला अंगात ताकद लागते, ती माझ्यात उरलीय कुठे?

गाणं तसं साधंच. कुणी रचलं कुणास ठाऊक, हिला ते मावशीकडून मिळालं. नदीकाठी एक बाई उभी आहे, पलीकडच्या नावाड्याला बोलावते आहे. सुरुवात मला आवडते, खोटं कशाला बोलू? बारकूचा ढोल पोटात छान ऊब धरतो. (बारकू म्हणजे हिचा ढोलवाला. वजन शंभर किलो, म्हणून बारकू.) मग हिचा खालचा सूर येतो, मान सैल पडते. आणि मग पहिली हाक! ती मला ऐकू येत नाही, लागते. आधी दाढेच्या मुळाशी, मग डोळ्यामागे. तळहात ओले होतात, पुढचे शब्द फुटून जातात. मी उठतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं, नवऱ्याला बायकोचं कौतुक सोसत नाही.

रेकॉर्डिंग आहे. आवाज बारीक करून लावून पाहिलंय. हाक तरीही तिथेच टोचते, फक्त बाकीचं गाणं ऐकू येत नाही.

७ फेब्रुवारी

आज हिला सांगितलं. ऑपरेशनच्या आधी एकदा, कानात बोळे न घालता, सगळं गाणं ऐकायचंय.

"कशाला उगाच जिवाला त्रास? एकोणीस वर्षं काही अडलं का?"

"अडलं," म्हणालो.

ही पाठमोरी झाली. ताटं फडताळात ठेवत होती — दोन ताटांमध्ये फडक्याची घडी, नेहमीसारखी. आमच्या घरात कुकरला शिट्टी नाही, दारांना रबराच्या पट्ट्या आहेत. रियाज ही बारकूच्या गोदामात करते. हे सगळं तिने न सांगता केलं, आणि मी कधी विचारलंही नाही. मला ते सोयीचं होतं.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, रोज थोडा आवाज सोसायची सवय करा, घाई नको. बारा दिवसांत घाई नको!

स्टीलच्या पेल्यात चमचा फिरवायचा आणि आकडे मोजायचे. दहापर्यंत गेलो. बारकू आला होता. बराच वेळ बघत राहिला. "दाजी, चहात साखर तरी घाला, म्हणजे फुकट जायचं नाही."

१२ फेब्रुवारी

तीसपर्यंत. मग उलटी.

१५ फेब्रुवारी

भांडण झालं. हिने पेला लपवून ठेवला. "हा काय छळ लावलाय? माझा गळा बिघडलाय, मला माझं बघू दे. त्यात तुमची परीक्षा कशाला?" बरोबरच आहे तिचं. पण नंतर ऐकायला मिळणार नाही, हे ती बोलत नाही आणि मीही बोलत नाही. मला भीती वाटते. तिचा आवाज जाईल याची, आणि तो गेल्यावर मला मनातून बरं वाटेल याचीही.

पेला पिठाच्या डब्यात सापडला. पन्नासपर्यंत गेलो.

१८ फेब्रुवारी

झालं. आज दुपारी, आमच्याच खोलीत.

डॉक्टरांनी एकदा मोकळ्या गळ्याने गायची परवानगी दिली होती. बारकूने ढोलावर टॉवेल टाकला. झांजा आणल्याच नाहीत. मी पलंगाच्या कडेला, हातात शिवणीचा दोरा — बोटांना काहीतरी काम हवं. ही माझ्यासमोर उभी, नजर माझ्यावर.

पहिली हाक आली. दाढ, डोळा, तळहात — सगळं नेहमीच्या क्रमाने. उठलो नाही. दोरा बोटात रुतला. हाक सरली तेव्हा कळलं की तिच्यामागून हिचा श्वासही ऐकू येतो. हे मला कधी माहीतच नव्हतं! दुसरी हाक त्याहून वरची. खोली पांढरी पडली. मी तोंड सरळ ठेवलं, अगदी पासपोर्टच्या फोटोसारखं. मग ती हाक हळूहळू खाली आली, शब्दांवर टेकली, आणि गाणं संपलं. मी बसलेलाच होतो.

"कसं होतं?" हिने विचारलं.

"लागलं," म्हणालो. ही हसली. बारकू ढोल आवरताना एक शब्द बोलला नाही, एरवी त्याचं तोंड मिटत नाही.

डोकं फुटतंय. दोन दिवस पडून राहावं लागेल. पण माझ्याइतका सुखी माणूस आज कुणी नसेल.

२१ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. ठीक आहे.

२५ फेब्रुवारी

तिला दोन आठवडे बोलायला बंदी. पाटीवर लिहिते. 'दूध तापवा.' 'गोळी कुठाय?' एवढ्या वर्षांत मला घरात इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. आता मिळाली, तर कारखान्यातून लवकर निघावंसं वाटत नाही.

७ मार्च

टाके सुकले. रोज दहा मिनिटं बोलायची मुभा. आवाज आता जाड आहे, खाली बसलेला. डॉक्टर म्हणाले, वरची पट्टी परत येणार नाही. हिने मान हलवली आणि पाण्याची बाटली मागितली. नवा आवाज मला कुठेच लागत नाही. मला लाज वाटली.

मनाशी म्हटलं, जाऊ दे. एकदा तरी पूर्ण ऐकलंय मी.

८ मार्च

संध्याकाळी बारकू आला. हिला म्हणाला, "ताई, तिसरी हाक गेली तर गेली. पहिल्या दोन खालच्या पट्टीत बसवू, मी जमवतो."

मी विचारलं, "तिसरी कुठली?"

बारकूने जीभ चावली. हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग उठून चपला शोधायला लागला.

तो गेल्यावर हिने घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटांतली तिची बरीच उरली होती.

"तुमचा चेहरा बघवेना हो," म्हणाली. "म्हणून दुसरीलाच संपवलं."