पाठीशी दहा घरं

२ मार्च

टाळ्या! पत्र्याच्या छपराखाली नुसता कडकडाट. आणि मी धाकट्या बहिणीचा अर्ज पाडून घरी आलोय.

तिला आमच्या निधीतून कर्ज काढून लाकूड कापायचं आरा यंत्र घ्यायचं होतं. आपल्या जंगलातले ओंडके वखारवाला मातीमोल भावानं नेतो. फळ्या आपणच कापल्या तर चार पैसे इथंच राहतील. हे तर माझंच भाषण! पण लोहारानं दारातच टोमणा मारला, "काय अध्यक्ष, तळं राखील तो पाणी चाखील!" झोंबलं. व्यासपीठावर चढलो आणि गरजलो — आदिवासींचा हा निधी नात्याचा नाही, तत्त्वाचा आहे. पहिला नकार माझ्याच घरात!

आमची जमीन सगळ्यांची, म्हणून बँकेला ती तारण चालत नाही. निधीत जामीन म्हणजे उभं राहणं. अर्जदाराच्या पाठीशी दहा घरं उठली की कर्ज मंजूर. आज दोघंतिघं अर्धवट उठले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बसले.

बाहेर ती एवढंच म्हणाली, "छान बोललास, दादा."

३ मार्च

बायको चहा ठेवताना : "भोंग्याला झोप लागली का?"

नाही लागली.

१९ मार्च

बहिणीनं यंत्र आणलं — वखारवाल्याकडून, हप्त्यावर. फळ्या फक्त त्यालाच विकायच्या, भाव तोच ठरवणार, हप्ता चुकला की यंत्र परत. ज्या फासाविरुद्ध आयुष्यभर घसा फोडला तो मीच बहिणीच्या गळ्यात अडकवला. आणि तत्त्व? कसलं तत्त्व! लोहाराच्या एका टोमण्याला घाबरलो. शेंदाड शिपाई!

दुपारी महाविद्यालयात माझं व्याख्यान होतं. विषय : आर्थिक स्वयंनिर्णय. पोरं भारावली. 

६ जून

शेडवर गेलो. तिच्या केसांत भुसा, हातात फळी. वखारवाल्यानं भाव पाडलाय, हप्ता थकलाय. महिनाअखेर यंत्र उचलणार म्हणतो. तिच्याकडच्या दोन्ही कामकरी बायका मान खाली घालून फळ्या रचत होत्या.

म्हटलं, "पुन्हा अर्ज कर. त्याची बाकी निधी भरेल. या खेपेला मी बोलतो."

"नको रे बाबा! तुझ्या बोलण्यानंच इथवर आले."

"बरं, बोलत नाही. नुसता उभा राहतो."

ती पुढची फळी उचलायला वळली. अर्ज मात्र केला.

१४ जून

सभा. तिनं स्वतःच मागणी मांडली — दोन मिनिटांत, अडखळत. मी एकदाही तोंड उघडलं नाही. जीभ दातांखाली धरून बसलो होतो. मग चिटणीस म्हणाला, "कोण उभं राहतंय?"

मी ताडकन उठलो. माझ्यामागे अख्खी सभा सरसावली —

"दादा, तू बस."

सगळे थबकले.

"मागच्या वेळी तू बोललास म्हणून हे बसले. आता तू उठलास म्हणून उठतायत. यात माझं काय? बसा सगळे. आणि ज्याला माझं काम पटतंय, त्यानंच उठावं. दादाकडे न बघता."

बसलो. एवढी शांतता या सभागृहात कधी ऐकली नव्हती. माझाच आवाज असायचा ना!

पहिला कोण उठला? लोहार! मग सुईण. मग एकेक, सावकाश, गुडघ्यावर हात टेकत. मी मोजत होतो. नऊ.

दहावा मीच व्हायला हवा होतो. गुडघे शिवशिवत होते. तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली — नाही.

अर्ज पडला.

१ जुलै

सकाळी वखारवाल्याचा ट्रक आला. माफी मागायला गेलो होतो, भाषण पाठ होतं. तिनं ते सुरूच होऊ दिलं नाही.

"नऊजण आपणहून उठले, दादा. निधीचा हा पहिला निर्णय. आधीचे सगळे तुझे होते."

लोहार आणि बाकीचे यंत्र ट्रकात चढवायला भिडलेच होते. एक कोपरा अजून जमिनीलाच होता.

"उभा काय राहिलास? धर ती बाजू."