सुमनकाकूंची लाल गाडी

शनि. ४ ऑक्टो., अल्फारेटा
पंचवीस वर्षं मिनीव्हॅन चालवली. मुलं, सॉकरचे बूट, मराठी मंडळाचं श्रीखंड, सगळं वाहिलं. आता दोन सीटची हवी. लाल, जपानी, छप्पर मागे पडणारी. सुमनकाकू काकांची विकतायत. काका जाऊन वर्ष झालं.

नवऱ्याने, म्हणजे नितीनने, व्हिडिओ बघून काय तपासायचं याची यादी केली. जन्मात पाना धरला नाही त्याने, पण यादी पक्की. खालून गंज बघ. कुणी हौसेने ‘सुधारलेली’ असेल तर पळ. मुख्य म्हणजे, इंजिन थंड असताना चालू करायला लाव. “गरम इंजिन खोटं बोलतं, दोष लपवतं.”

रवि. ५
नितीनसोबत काकूंकडे. पोहे, चहा, परत पोहे. गंज बघायला वाकले तर काकू, “कानातलं पडलं का गं?”
इंजिनावरच्या हूडला हात लावला. कोमट. “तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली.” जसा काही चहाच. नितीनचे डोळे मोठे.
सीट पुढे ओढली, छप्पर मागे घेतलं. दोन मैल नुसतं आभाळ, पिवळी पानं. सिग्नलला शेजारच्या मिनीव्हॅनमधली बाई बघत होती. गेल्या आठवड्यातली मीच.

सोम. ६
“मेकॅनिकला दाखवू म्हण,” नितीन.
“माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू केले त्यांनी. त्यांना म्हणू, तुमच्या नवऱ्याची गाडी तपासून आणते?”
“मग घेऊ नकोस.”
“घेणारे.”
“काहीतरी लपवतायत यार.”
शेवटी काकूंना फोन. शनिवारी सकाळी येते, आधी चालू करू नका. “बरं,” म्हणाल्या.

शनि. ११
एकटीच गेले. सात. धुकं. ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी, म्हणजे माझंही मन साफ नव्हतं. ड्राइव्हवेवर इंजिन चालू. जिंकली नितीनची यादी, म्हटलं.
काकू आत. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटवर. मांडीवर चहाचा कप. मी पुढे ओढलेली सीट परत पार मागे, काकांच्या उंचीला.
“सवय गं. रोज दहा मिनिटं चालू करून बसते. आज नाही करायची ठरवलं होतं.”
मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.
“बस ना.”
बसले. पाय पेडलला पोचेनात.
“सीट घे पुढे,” काकू म्हणाल्या. समोर बघत.
हात सीटखालच्या दांडीवर. तसाच.
नितीनचा मेसेज: थंड होती का?
अजून उत्तर दिलेलं नाही.