महालातल्या हॉस्पिटलची पितळी घंटा

मी, डॉ. यमुना गिरिधर वझलवार, वय ७८, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा पुरावा म्हणून वकिलांच्या मसुद्यातल्या चुका मीच दुरुस्त केल्या आहेत.

१. माझं आठ खाटांचं मुलांचं हॉस्पिटल पुतण्या डॉ. सुमंत याला द्यावं. त्यानं खुशाल मॉनिटर आणावेत. अट एकच: वॉर्डातली घंटा काढायची नाही. काढल्यास हॉस्पिटल त्याची बहीण डॉ. अबोली हिचं होईल, आणि ती टपूनच बसली आहे.

२. सुमंत विचारतो, "काकू, हे हॉस्पिटल आहे की शाळा?" म्हणून कारण लिहून ठेवते. पूर्वी ही घंटा भेटीची वेळ संपल्याचं सांगायची. काटोलच्या पंचफुलाबाईंचा वर्षाचा गोलू तापानं दाखल झाला. संध्याकाळी ताप उतरला, आम्ही खूश. पंचफुलाबाईंनी मात्र घंटा बडवायला घेतली. "ताप गेला म्हणता, पण पोरगं थंड लागून राह्यलं बाई! माह्याकडे पाहूनच नाही राह्यलं!"

धावत गेले. हातपाय गार, नाडी पळत होती, छातीवर बोट दाबून सोडलं तरी रंग परतेना. जंतुसंसर्गानं सगळं अंग घेरलं होतं. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता, आणि मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोर टिकलं नसतं. अँटिबायोटिक तिथल्या तिथे दिलं, ऑक्सिजन लावला, सलाइन थोडं थोडं, दर वेळी तपासून. दुसऱ्या दिवशी गोलूनं आईचं मंगळसूत्र ओढलं. मी वॉर्डात चक्क नाचले!

तेव्हापासून नियम असा, की पोर वेगळं वाटलं तर आईनं घंटा वाजवायची, आणि उगाच वाजवली म्हणून तिला कोणी बोलायचं नाही. या घंटेच्या जिवावर आम्ही कितीतरी पोरं परत आणली, याचा मला अभिमान आहे. घंटा वर टांगू नये. उंच माणसांची डोकी आपटतात हे मान्य, पण आईचा हात पोचला पाहिजे.

३. बेसा भागातला माझा फ्लॅट विकून औषधांचं कपाट भरलेलं ठेवावं. पहिला डोस फी विचारायच्या आधी.

४. माझी अंत्ययात्रा निघेल तेव्हा घंटा वाजवू नये. ती वाजली की सगळे धावतात. त्यांनी पोरांकडेच धावावं.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणतात. माझ्या दुसऱ्या साक्षीदाराला मिळायचं ते त्या घंटेनं आधीच दिलं आहे.

नागपूर, १० जानेवारी २०२५
सही: यमुना गिरिधर वझलवार

आमच्यासमोर सही झाली:
१) गार्गी देशकर, परिचारिका
२) जितेंद्र चंद्रभान बोंदरे ऊर्फ गोलू, वय ३२, काटोल. (घंटेवर डोकं आपटणारा हाच.)