पाली येतेच की तुला

बाबा,

काल तुमची नात माझ्याकडे आली होती. दादाची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा दुसरीत होती, आता खराडीत नोकरी करते आणि ती नोकरी तिला सोडायची आहे, कारण तिलाही कलेक्टर व्हायचंय. मी भाकरी थापत होते. ओट्याशेजारी लॅपटॉप उघडून म्हणाली, "आत्या, ऑप्शनल विषय कोणता घेऊ? पप्पा म्हणाले, तुला सगळं माहितीये." मी म्हटलं, "पप्पांना सांग, मला नापास कसं व्हायचं ते माहितीये." ती हसली. मग विषयांची यादी वर-खाली करत म्हणाली, "तू पाली घेतलेलीस ना? ती तर लिस्टमध्येच नाहीये." नाहीये. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी काढून टाकली. ज्या विषयापायी माझी चार वर्षं गेली तो विषय आता कुणाला घेताच येत नाही. तुम्हाला हे कळवायचं राहून गेलं होतं.

विषय ठरला तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. कॅम्पातल्या सरकारी ऑफिसात तुम्ही साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचात, आणि आतून साहेब कुणाला तरी सांगत होते की आपण पाली घेऊन पास झालो, अभ्यासक्रम छोटा, मार्क भरपूर. हडपसरपर्यंत बसमध्ये उभ्याने येऊनही तुम्ही त्या दिवशी दमला नव्हतात. चपला काढायच्या आधीच म्हणालात, "ठरलं. पाली." मी मराठीत एम. ए. केलं होतं. मला मराठी साहित्य घ्यायचं होतं, यादीत त्याच्यापुढे पेन्सिलीने खूणही केली होती. तुम्ही म्हणालात, "मराठी आपण घरात बोलतोच की. त्यात काय शिकायचं?" आणि लगेच, त्याच श्वासात, "पाली येतेच की तुला. लहानपणापासून वंदना म्हणतेस." एकच कारण; एका विषयाला नाही म्हणायला आणि दुसऱ्याला हो म्हणायला. आई चहा गाळत होती. ती म्हणाली, "अहो, साहेब डोक्याने पास झाले. आणि पाली आपल्या भिंतीवर काय कमी आहेत?" तुम्ही तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीत. माझी खूण मात्र तिथल्या तिथे खोडरबराने पुसलीत आणि कागदावर फुंकर मारलीत.

ही चूक आपल्यासारख्या घरातच होऊ शकते. दर रविवारी विहारात मला पुढे बसवायचात. मी डोळे मिटून सगळं म्हणायची, एक अक्षर चुकायचं नाही, आणि बायका म्हणायच्या, पोरीला काय पाली येते. मला पाली येत नव्हती, बाबा. मला चाल येत होती. कुठे श्वास घ्यायचा ते येत होतं. अर्थ ना मला ठाऊक होता, ना तुम्हाला. पण तुमच्या वडिलांना ज्या शब्दांच्या जवळपासही फिरकू दिलं नसतं, ते शब्द तुमच्या मुलीच्या तोंडात होते. एवढं तुम्हाला पुरेसं होतं. हे मला आज समजतं. तेव्हा समजलं असतं तर भांडायला तरी जमलं असतं.

मग तो पालीचा शब्दकोश. रविवारी दुपारी तुम्ही गावात, पेठेत जाऊन आणलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. पहिल्या पानावर तुमच्या कोरीव अक्षरात माझं नाव, आणि त्याखाली भा. प्र. से. मी तोवर पूर्वपरीक्षासुद्धा दिली नव्हती. गल्लीतली मुलं "काय कलेक्टर, झाला का अभ्यास?" म्हणून चिडवायची, ते परवडायचं. ते पान मात्र मी कधी उघडं पडू दिलं नाही. चार वर्षं आपल्या घरात टीव्ही मुका चालला. तुम्ही बातम्या नुसत्या बघायचात. मला कंटाळा आला म्हणायची सोय नव्हती. मैत्रिणीच्या लग्नाला जाऊ का विचारलं तर तुम्ही ओरडायचा नाहीत, फक्त म्हणायचात, "जा की. बाकीच्या मुली वाचतायत तोवर तू जेवून ये." मी जायची नाही. इतकं हळू बोलून माणसाला इतकं जखडून ठेवता येतं, हे मी तुमच्याकडून शिकले, आणि कॉलेजात माझ्या विद्यार्थ्यांवर ते अधूनमधून वापरतेही.

मुख्य परीक्षेत पालीचे दोन पेपर एकाच दिवशी होते. सकाळच्या पेपरात भाषांतराला उतारा आला तो आईवडिलांच्या सेवेबद्दलचा. विहारात म्हणून म्हणून तोंडपाठ होता. तयारी करताना मी तो काढला होता, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ते येतंय ना? मग त्यात कशाला वेळ घालवतेस? न येणारं वाच." म्हणून तो मी अर्थ लावून कधी वाचलाच नव्हता. हॉलमध्ये मी तो मनातल्या मनात चालीवर म्हणत गेले. चाल थांबवली की शब्द हातातून सुटायचे, एकाचाही धड विग्रह होईना. आजूबाजूला सगळे लिहीत होते आणि मी वंदना म्हणत बसले होते.

निकालात नाव नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पोरीचा पेपर नीट तपासला नाही. आडनाव बघितलं असणार." तुमचं म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. तुमचं प्रमोशन तीनदा कुणी आणि का अडवलं, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. विहारात, बसस्टॉपवर, ऑफिसात, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मग अर्ज लिहायला बसलात. एक दिल्लीला, एक मंत्र्यांना, एक पुन्हा दिल्लीला. पोस्टमन गल्लीत आला की दारात जाऊन उभे राहायचात. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हाही आधी विचारलंत, "काही आलं का?"

पालीचा दुपारचा पेपर मी दिलाच नव्हता, बाबा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले, समोरच्या टपरीवर दोन वडापाव खाल्ले आणि घंटा झाली तरी बाकावरून उठले नाही. रडूबिडू आलं नाही. उलट इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, बरा गेला. गुणपत्रिका तुम्हाला दाखवली नाही. आणि तुमच्या अर्जांमधलं शुद्धलेखन मीच तपासून दिलं. 'अन्याय' शब्दाला जोडून तुम्ही 'घोर' लिहिलं होतंत, तेही राहू दिलं.

काल जेवताना तुमच्या नातीने विचारलं, "आत्या, पप्पा सांगतात ते खरंय का गं? तुला मुद्दाम पाडलं? म्हणजे मी जॉब सोडून एवढं सगळं करायचं आणि आडनाव बघून तेच होणार असेल तर कशाला?" हातातला घास तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती. दुपारच्या पेपराचं एक वाक्य पुरलं असतं. पण मग तुमच्या अर्जांचंही सांगावं लागलं असतं, दारातल्या त्या उभं राहण्याचंही.

मी म्हटलं, "असेल." आणि तिला आणखी अर्धी भाकरी वाढली.