गार पाण्याचा अर्ज

तीर्थस्वरूप ताईला,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे आठपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनातल्या मनात टेकवली आहेत, ती गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं ऐकू न येणं आणि तुझं बोलणं ही दोन्ही पूर्वीइतकीच असतील, तर तुमच्या संसाराची मला काळजी नाही. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल म्हणजे घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही, एवढाच अर्थ घ्यावा.

तुझ्या पत्रात तू तीन वेळा विचारलं आहेस की माझी पर्यवेक्षकाची ऑर्डर निघाली का. (एकदा वर, एकदा मधे आणि एकदा समासात आडवं. तो समास वाचायला मी मान वाकडी केली, ती दोन दिवस तशीच होती.) पर्यवेक्षक म्हणजे काय ते भाऊजींना पुन्हा एकदा मोठ्यानं सांग: जो मास्तर स्वतः शिकवत नाही, दुसरे शिकवतात का ते खिडकीतून बघतो, तो पर्यवेक्षक. बावीस वर्षं खिडकीच्या आत उभं राहिलेल्या माणसाला बाहेर उभं राहण्याची किती ओढ लागते, हे तुला वेगळं सांगायला नको. ऑर्डरीचं काय झालं ते सांगतोच, पण ते सरळ सांगण्यासारखं नाही. आधी गार पाण्याचं सांगावं लागेल, आणि गार पाण्याच्याही आधी माझ्या धड्याचं.

मी शेवटच्या वर्गाला जो धडा शिकवतो, त्याचं नाव ‘लोकशाहीची वाटचाल आणि समाजसुधारणेच्या चळवळी’. शिकवतो असं आपण म्हणायचं. खरं तर लिहून देतो. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात प्रत्येक चळवळ मी पाच मुद्द्यांत बसवून ठेवली आहे: कारणं, स्वरूप, नेतृत्व, परिणाम, मर्यादा. माणसांनी दगड झेलले, घरादारावर पाणी सोडलं, तुरुंगात केस पिकवले, आणि मी त्यांना प्रत्येकी अर्ध्या गुणात आटोपतो. मुलंही शहाणी. ‘अन्यायाविरुद्ध आवाज उठवला पाहिजे’ हे वाक्य मी सांगतो तेव्हा सगळा वर्ग मान खाली घालून, चूं की चां न करता लिहून घेतो. असं बावीस वर्षं सुरळीत चाललं होतं. कोणी आवाज उठवला नाही, कोणाला कमी गुण पडले नाहीत.

माझं चुकलं ते एवढंच, की गेल्या महिन्यात वही दहा मिनिटं आधी संपली. पंखा बंद, ऊन खिडकीतून थेट फळ्यावर, घंटेला अवकाश आणि समोर त्रेचाळीस चेहरे. अशा वेळी अनुभवी मास्तर उजळणी घेतो. मी नको ते केलं. अभ्यासक्रमाबाहेरचं बोललो. म्हटलं, पूर्वी काही ठिकाणी लोक वरच्यांकडे तक्रार करताना सह्या एकाखाली एक न करता गोल करायचे. म्हणजे पहिली सही कोणाची ते कळत नाही आणि म्होरक्या म्हणून कोणाला धरता येत नाही. ताई, माझ्या उभ्या नोकरीत वर्गानं मान वर करून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मला जरा बरंही वाटलं. (उतरत्या वयात माणसानं बरं वाटून घेऊ नये, ते पुढे नडतं.)

आता गार पाणी. आमच्या संस्थेच्या चिटणीसांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ शाळेला पाणी गार करायचं यंत्र दिलं. त्यावर पितळी पाटी आहे: ‘विद्यार्थ्यांच्या सेवेसाठी’. उद्घाटनाच्या दिवशी चिटणीस फोटोपुरतं एका मुलीला पाणी पाजून गेले आणि दुसऱ्या दिवशी यंत्र शिक्षकांच्या खोलीबाहेर आलं. वर मुख्याध्यापकांनी कागद डकवला: ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. मुलांना गच्चीवरच्या टाकीचं पाणी. दुपारी त्यात चहाची पूड टाकली तर चहा होईल. आणि माझा वर्ग नेमका त्या यंत्रासमोर. म्हणजे मी आत ‘पाणवठे सर्वांना खुले झाले’ हे चळवळीचे परिणाम सांगतोय, मुलं ते लिहून घेतायत, आणि दारातून कागद दिसतोय. मला विचारशील तर तो कागद मी कधी वाचलाच नव्हता. मी कर्मचारी होतो ना.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज आला. गार पाणी सर्वांना मिळावं. सह्या एक्केचाळीस, गोल. (दोघं गैरहजर होते, त्यांची नावं मधोमध ‘आजारी असल्याने मनाने हजर’ म्हणून.) अर्ज वाचून मला भरून आलं आणि घामही आला, कारण तो माझ्या वहीतल्या उत्तरासारखा लिहिलेला होता. कारणं, स्वरूप, परिणाम, प्रत्येक उपशीर्षकाखाली पट्टीनं रेघ. ‘मर्यादा’ या मुद्द्याखाली लिहिलं होतं: ‘आमच्या मागणीला कोणतीही मर्यादा नाही, यंत्राला दोन नळ आहेत.’ फक्त ‘नेतृत्व’ हा मुद्दा गाळला होता. मी तपासलं असतं तर अर्धा गुण कापला असता.

आमचे मुख्याध्यापक मूळचे गणिताचे. वर्तुळाला सुरुवात नसते, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर सिद्ध केलं, आणि आता ते स्वतः हातात भिंग घेऊन वर्तुळाची सुरुवात शोधत बसले होते. मी गेलो तेव्हा त्यांनी कंपास काढून मध्यबिंदूही काढला होता. वर्तुळ बांगडी ठेवून काढलं आहे, म्हणजे कारस्थान मुलीचं, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. त्यांचा हिशेब सरळ होता. एक्केचाळीस जणांना काढलं तर निकालाची टक्केवारी जाते, एकाला काढलं तर शिस्त येते. चिटणीसांच्या कानावर जायच्या आत लिहिणाऱ्याच्या हातात दाखला ठेवायचा. “तुम्ही यांच्या वह्या तपासता,” ते मला म्हणाले, “अक्षर ओळखा. शनिवारी दुपारपर्यंत नाव द्या.” आणि काचेच्या गोळ्याखालचा एक कागद त्यांनी माझ्याकडे जरा सरकवला. पर्यवेक्षक हा शब्द उलटा असला तरी मला वाचता येतो, बरीच वर्षं त्याचा सराव आहे.

अक्षर मी दारातूनच ओळखलं होतं. ती मुलगी अनुस्वाराचं टिंब भरीव देतच नाही, पोकळ गोल काढते. शिक्षकांच्या खोलीत तिला आम्ही भोपळेबाई म्हणतो, कारण तिच्या प्रत्येक ओळीवर भोपळ्यांचा वेल चढलेला असतो. तिचे वडील शाळेच्या कोपऱ्यावर इस्त्री करतात. (माझी विजारही तिथेच जाते. तुझ्या भावजयीला त्यांची इस्त्री पसंत आहे, आणि तेवढं तिनं माझ्याबद्दलही कधी म्हटलेलं नाही.) त्यांच्या घरात शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेलं हे पहिलं माणूस. परीक्षेला दोन महिने असताना दाखला हातात पडला तर दुसरी शाळा घेणार नाही. त्या घरात एक इस्त्री आणखी आहे, ती तिच्या हातात येईल आणि विषय संपेल.

मंगळवारी मी तिला वर्गाबाहेर बोलावलं. म्हटलं, बाई, हे काय करून ठेवलंस? ती शांतपणे म्हणाली, “सर, तुम्हीच सांगितलंत, स्वतःचं उदाहरण दिलं तर एक मार्क जास्त.”

“अगं, उदाहरण वहीत द्यायचं असतं, ऑफिसात नाही!”

“वहीत पाणी गार होत नाही, सर.”

मग मीच तिला समजावायला लागलो की निदान दोन महिने टिंबं भरीव काढ. त्यावर ती म्हणाली, सवय मोडत नाही, आणि चुकीचं काही लिहिलेलं नाही तर लपवायचं कशाला. वर मलाच धीर दिला, “तुम्ही घाबरू नका सर, सह्या गोल आहेत.” ताई, असं वाटलं की हिला परीक्षेला बसवायच्या आधी मलाच कुणीतरी पुन्हा पहिलीत बसवावं.

त्याच दुपारी तिच्या जुन्या उत्तरपत्रिका मी शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटातून काढून पिशवीत टाकायला गेलो, म्हणजे अक्षर ताडून बघायला काही उरणार नाही. कपाटाचं दार निघालं ते निघालंच, माझ्या हातात आलं. बावीस वर्षांच्या नोकरीचा मास्तर दोन्ही हातांत कपाटाचं दार धरून उभा, हे दृश्य बघून भूगोलाचे नकाशेवाले मास्तर गार पाण्याचा पेला घेऊन शेजारी आले. दाराला हात लावायचं त्यांना सुचलं नाही, सल्ला मात्र सुचला. “अहो, नाव सांगा आणि मोकळे व्हा. त्या पोरीचं काय, ती आज ना उद्या इस्त्रीच करणार. तुमची ऑर्डर मात्र पुन्हा निघणार नाही.” त्यांचं अंतर मोजण्यात कधीच चुकत नाही. मी विचारलं, तुम्ही पितळी पाटी वाचलीत का? म्हणाले, “ती दानाबद्दल आहे हो, पाण्याबद्दल नाही.”

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी तोच धडा दुसऱ्या तुकडीला लिहून दिला. ‘समाजसुधारकांना स्वकीयांचाच विरोध झाला’ या वाक्यापाशी वही मिटली आणि पाणी प्यायला बाहेर आलो. यंत्रावरचा कागद या वेळी वाचला. मग गच्चीवरच्या टाकीचं पाणी प्यायलो. त्यानं चळवळीला काही फायदा झाला नाही, माझं पोट मात्र बिघडलं. मी दमलोय, ताई. चळवळी शिकवून माणूस इतका दमतो, तर त्या करणारे कसे उभे राहत असतील हे मला वहीत कुठे सापडत नाही.

असो. शनिवारी दुपारी मी मुख्याध्यापकांसमोर गेलो आणि या वयाला शोभेल अशा शहाणपणानं प्रकरण मिटवलं. तपशील लिहीत बसत नाही, पत्र लांबलं. माणसानं आपली पायरी ओळखून राहावं हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस, ते वाया गेलेलं नाही. भाऊजींना नमस्कार आणि त्यांच्या कानाला शुभेच्छा.

तुझा,
धाकटा

ता. क. ऑर्डरीचं राहिलं. ती निघाली होती. काचेच्या गोळ्याखालून निघाली आणि टेबलाच्या खणात गेली.

ता. क. २. आता लपवून काय होणार. मी त्यांना म्हटलं, अक्षर माझं आहे. ते म्हणाले, “मास्तर, तुमचं अक्षर मी बावीस वर्षं हजेरीपटावर बघतोय, मुंग्या मेल्यासारखं. लिहून दाखवा.” मी बसलो आणि चार ओळी लिहिल्या, वर भोपळे काढून. तीन वर्षं तिच्या वह्या तपासल्या होत्या, हाताला वळण होतंच. त्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, “एक नाव तर मागत होतो हो.” मी म्हटलं, दिलं की. चेहऱ्यावरून तेही दमलेलेच वाटले. मुलीचं नाव कागदावर कुठे आलं नाही आणि तिचा परीक्षेचा अर्ज सहीनिशी पुढे गेला, हे मी स्वतः पाहून आलो. यंत्राचं म्हणशील तर त्यांनी त्याची तारच काढून टाकली. आता गार पाणी कोणालाच नाही. समता आली, फक्त शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कोणी बोलत नाही.

ता. क. ३. खरं काम हे आहे. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे, आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. तू कचेरीत सत्तावीस वर्षं लोकांचे खुलासे वाचून फेटाळतेस, तेव्हा कोणता फेटाळता येत नाही ते तुलाच ठाऊक. मसुदा करून पाठव. मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा पाच मुद्दे झाले. आणि त्याच टपालानं तुझ्या भावजयीला वेगळं पत्र घालून ऑर्डरीचं तूच सांग. मुख्याध्यापकांना तोंड दिलं, तिला देण्याची माझी ताकद नाही.

(वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. मला हे काल संध्याकाळीच कळलंय, इस्त्रीवाल्यांची बायको कपडे घेऊन आली आणि पाय धरायला लागली, मला वाटलं विजार जाळली. मग रात्रभर हे कुशीवर वळत होते आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. खुलासा तुम्हीच लिहा, यांच्यावर सोडलात तर हे शेवटी माफी मागतील. माफीचा शब्द नको. सही मी समोर बसून घेते. तुमची, भावजय.)