नाकात वजन नको

१ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी. काल मी मोठं काम विकत आणलं: महायुद्धातलं फायटर विमान, मूळ विमानापेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान, सुटे भाग चिकटवून आणि रंगवून घरी तयार करायचं. खोक्यावरच्या चित्रात ते ढगातून खाली झेपावतंय आणि मागे शत्रूची तीन विमानं पेटलेली आहेत. हुबेहूब तसं करायचं. पेटलेली सोडून.

हिने खोकं पाहिलं, मग माझी खोली पाहिली. खोलीत माझी गिटार आहे (दोन तारा कमी), दुर्बिणीचा स्टँड आहे (दुर्बीण यायची आहे), फ्रेंच शिकायचं पुस्तक आहे (धडा तिसरा) आणि बोन्साय होतं ती कुंडी आहे. ही म्हणाली, या खोलीत तुम्ही नुसत्या सुरुवाती साठवून ठेवल्या आहेत. सासुरवाडीत माझ्या माघारी मला आरंभशूर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. शूर म्हणतात, हे महत्त्वाचं.

मग करार झाला. ही ऑर्डरप्रमाणे पडदे शिवून देते आणि तिचं मशीन जेवणाच्या टेबलावर असतं. परवा माझ्या ताटात टाचणी निघाली. तिला खोली हवी आहे. एकोणतीस तारखेला मेव्हणी आणि साडू जेवायला येणार आहेत. त्या दिवशी विमान पूर्ण होऊन टेबलावर स्वतःच्या तीन चाकांवर उभं राहिलं, तर खोली कायमची माझी आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही राहिलं तर सोमवारी मशीन खोलीत.

मी ताबडतोब हो म्हटलं. तिचं जरा वाईटच वाटलं.

२ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी
खोकं उघडलं. वास घेतला. आज एवढंच, घाई नको.

सूचनांचा कागद वाचला. पहिलंच चित्र चुकीचं! सोबत पुडीत पोलादी छर्रे दिलेत आणि ते म्हणे विमानाच्या नाकात भरायचे. जिने हवेत उडायचं त्या वस्तूच्या नाकात वजन? ज्याने हे लिहिलं तो विमान या कल्पनेचाच वैरी असणार. किंवा भाषांतरात गडबड. बाकीचा कागद वाचला नाही. शितावरून भाताची परीक्षा.

छर्रे मात्र वाया घालवले नाहीत. खोलीतला पडदा वाऱ्याने सारखा आत उडतो आणि माझे बारीक भाग टेबलावरून झाडून नेतो. हिला म्हटलं, हे छर्रे पडद्याच्या खालच्या शिवणीत घाल. तिने विचारलं, विमानाला लागणार नाहीत ना? मी हसलो. तिने तासाभरात शिवून टाकले. पडदा आता हलत नाही. ऑफिसात माझी ही प्रशासकीय दृष्टी कोणी ओळखली नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार
हत्यारं आणली. चिमटे, कानशी, ब्रश, कपाळाला बांधायचं भिंग, अ‍ॅप्रन. अ‍ॅप्रन घालून लेकीला फोटो काढायला लावला. ही म्हणाली, नमनालाच घडाभर तेल. म्हटलं, हो, पण नमन कसं झालं ते बघ.

साहेबांनी विचारलं, थकबाकीच्या फाइली कुठवर आल्या. मी नकळत म्हणालो, पंख बाकी आहेत.

८ नोव्हेंबर, रविवार
शुभारंभ. विमानाचा सांगाडा दोन अर्धुकांत येतो, डावं आणि उजवं. डिंक लावून मिटवला आणि घट्ट दाबून धरला. पक्का बसला. आता करवतीशिवाय उघडणार नाही. स्वतःवर खूश झालो.

मग टेबलावर वैमानिक दिसला.

तो आत बसवायचा राहिला. वरच्या फटीतून घालून पाहिला. जात नाही, गुडघे आडवे येतात. गुडघे कापायचा विचार आला, पण माणसाला काही माणुसकी असते. निर्णय घेतला: विमान मैदानावर उभं आहे आणि वैमानिक चहाला गेला आहे. युद्धातही लोक चहा पीतच असतील. उलट हे जास्त खरं वाटतं.

वैमानिक बोटाच्या पेराएवढा आहे. लेकीने त्याला मिठाच्या बरणीवर बसवलं.

११ नोव्हेंबर, बुधवार
वैमानिकाच्या जागेवरचं काचेसारखं झाकण झटपट गोंदाने चिकटवलं. चिकटलंही झटपट. अर्ध्या तासात आतून पांढरं पडलं, आंघोळीनंतरच्या आरशासारखं. पुसता येत नाही, कारण पांढरं आतून आहे. हिने विचारलं, हे काय झालं? म्हटलं, धुकं. पहाटेची वेळ आहे. म्हणून तर वैमानिक चहाला गेलाय.

बघितलं तर सगळं जुळतंय. झाकणावर माझ्या अंगठ्याचा ठसाही उमटला आहे. तो मेकॅनिकचा.

१४ नोव्हेंबर, शनिवार
रंग. कुठला हिरवा, यावर तीन दिवस विचार केला. अभ्यासकांत मतभेद असणार. त्यात मी आणखी भर घालू नये म्हणून दुकानात होता तो घेतला. फवारा बाथरूममध्ये मारला, कारण तिथे वारा नसतो. विमान छान झालं. नळ, साबणाची वडी आणि लेकीचा टॉवेल यांनाही एक थर बसला. लेक इंटरव्ह्यूला हिरवा कान घेऊन गेली. माझ्याशी बोलत नाही. नोकरी लागली म्हणजे बोलेल.

१५ नोव्हेंबर, रविवार
उन्हात पाहिलं तर हिरवा फार पोपटी. हिने दोऱ्यांची पेटी आणली, खोक्यावरच्या चित्राशी एक रीळ लावून बघितलं, म्हणाली, यात तपकिरी हवाय आणि थेंबभर काळा. मिसळून दिला. अगदी तोच निघाला. तिला सल्लागार नेमलं. तिने पट्टेही रंगवले, कारण तिचा हात थरथरत नाही. माझा थरथरतो तो उत्साहाने.

कल्पना माझी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
पंखांवरची चिन्हं पाण्यात भिजवून अलगद सरकवायची असतात. पहिलं चिन्ह जागेवर सरकलं. दुसरं माझ्या अंगठ्यावर सरकलं आणि तिथेच वाळलं. घासून निघेना. दिवसभर ऑफिसात हवाई दलाचं चिन्ह घेऊन वावरलो. साहेबांपुढे सहीला फाइल धरली तेव्हा त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि फाइल परत दिली. दरारा वाटला असावा.

दुसऱ्या पंखावर चिन्ह नाही. गोळी लागून उडालं.

२२ नोव्हेंबर, रविवार
साडू न सांगता टपकला. सहज इकडून चाललो होतो म्हणे. हेरगिरी, दुसरं काय. या माणसाने मागे काड्यापेटीच्या काड्यांचं जहाज केलं, शिडांसकट, आणि आता ते त्याच्या दिवाणखान्यात आहे. हाती घेतलेलं प्रत्येक काम हा पूर्ण करतो. मला तर हा स्वभावातला दोषच वाटतो. अशा माणसाला छंद नसतात, सगळी कामंच असतात.

त्याने विमान तळहातावर तोललं आणि म्हणाला, नाक हलकं वाटतंय हो. ज्याचं स्वतःचं नाक दारातून त्याच्या आधी आत येतं, त्याने नाकांबद्दल बोलू नये. हे मी मनात म्हणालो. वरकरणी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

तो गेल्यावर हिने विचारलं, ते काय म्हणत होते नाकाचं? म्हटलं, जळतो.

२६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी
चाकं बसवली, दोन पंखांखाली, एक नाकाखाली. वाळेपर्यंत विमान उलटं ठेवलं आहे, पोट वर. ही म्हणाली, एकदा उभं करून बघा तरी. बघणार नाही. ज्याला खात्री असते तो तालीम करत नाही. शिवाय रविवारी सगळ्यांसमोर पहिल्यांदा उभं राहण्यात जे नाट्य आहे, ते आज दोघांसमोर उधळून काय करू?

रजा टाकली आहे. कारण: घरगुती विमान.

२८ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी
झालं.

शेवटचा भाग, शेपटीपासून वर जाणारी एरियलची तार, लावली आणि पुढचा भाग उचलायला हात नेला तर सुटे भाग ज्यात अडकवलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीत काहीच उरलं नव्हतं. मी खोक्यातही शोधलं. खरंच संपलं होतं. मला असं कधी झालेलं नाही. काय करायचं ते कळेना, म्हणून नुसता बसून राहिलो. फार आनंद झाला. कोणाला सांगवेना असा झाला.

ही दारात येऊन उभी होती, किती वेळ ते ठाऊक नाही. म्हणाली, छान झालंय हो. टोमणा नव्हता. मी दोनदा तपासला, नव्हता. मग ती मशीनवरचं कापड बाजूला करून जेवणाचं टेबल पुसायला गेली. उद्या हरणार हे तिला कळलं असावं, आणि तरी पुसत होती. मला थोडं अपराधी वाटलं. खोलीत तिला एक कपाट द्यायचं ठरवलं आहे. लहान.

२९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
भाषण तयार. सुरुवात: चिकाटी म्हणजे काय? मेव्हणीला पुढची खुर्ची.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी
जेवणं झाली. टेबल मोकळं केलं. भाषण झालं. लेकीनेही ऐकलं (नोकरी लागली आहे). विमान तीन चाकांवर ठेवलं आणि हात काढला.

विमानाने नाक वर केलं आणि ते सावकाश शेपटीवर बसलं. अगदी आरामात, जेवण जड झाल्यासारखं.

पुन्हा ठेवलं. पुन्हा बसलं. मी म्हणालो, ते उड्डाणाच्या पवित्र्यात आहे. मग म्हणालो, टेबलाला उतार आहे. साडू म्हणाला, नाचता येईना... आणि पुढचं बोलला नाही, तेवढी सभ्यता त्याच्यात आहे. जमिनीवर ठेवलं, तिथेही बसलं. मेव्हणी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून हसण्याचा आवाज आला.

साडूने सूचनांचा कागद उलगडला. पहिल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, छर्रे घातले होते ना? नाकाखाली चाक असलं की नाकात वजन लागतंच, नाहीतर शेपूट खाली बसते.

खिडकी उघडी होती, वारा सुटला होता, टेबलक्लॉथचं टोक फडफडत होतं. माझ्या खोलीच्या दारातून पडदा दिसत होता. ओळंबा सोडल्यासारखा सरळ.

ही पडद्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, शिवण उसवून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.

तिने खरंच विचारलं. तिची खोली तिच्या हातात आली होती आणि ती कात्री शोधत होती. पण आता छर्रे घालणार कुठून? नाक मीच आठ तारखेला मिटवलं आहे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. म्हटलं, राहू दे. पडदा छान दिसतोय.

३० नोव्हेंबर, सोमवार
खोली मी स्वखुशीने दिली. मशीन उचलताना जड बाजू माझ्याकडे होती, हेही नोंदवून ठेवतो. गिटार पलंगाखाली, फ्रेंच पलंगाखाली. कुंडी गॅलरीत.

विमान टाकून द्यायला निघालो होतो. हिने हातातून घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ते शेपटीवर बसलं. तिने बोटातलं पितळी अंगुस्तान काढलं, सुई टोचू नये म्हणून शिवताना घालतात ते, आणि विमानाच्या नाकावर टोपीसारखं बसवलं. विमान पुढे झुकलं आणि तीन चाकांवर उभं राहिलं. वैमानिक मशीनवर बसून बघत होता.

मी म्हणालो, युद्धात विमानांना अंगुस्तान नसायचं. ती म्हणाली, मग काढा. मी काढलं नाही.

५ डिसेंबर, शनिवार
पडद्यांच्या कडा ती हाताने शिवते. शिवायला बसली की अंगुस्तान बोटात जातं आणि विमान शेपटीवर बसतं. काम थांबलं की ते पुन्हा नाकावर येतं आणि विमान उभं राहतं. मी जेवणाच्या टेबलाशी बसून दारातून बघतो. विमान सकाळपासून बसलेलंच आहे. ऑर्डरी बऱ्याच आल्या आहेत. आज चहा मीच करावा म्हणतो.